सहा पाउंडांत मॅच: ब्रॅडफर्डच्या क्लबने तिकीट स्वस्त करून स्टेडियम कसं भरलं?

२००७ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड सिटी या फुटबॉल क्लबचे दिवस पार फिरले होते. जेमतेम सहा वर्षांपूर्वी हा क्लब प्रीमियर लीगमध्ये होता, मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूलशी खेळत होता. तिथून घसरत घसरत तो चौथ्या पातळीवर, म्हणजे 'लीग टू'मध्ये येऊन पोहोचला. प्रीमियर लीगच्या काळात वाढवलेलं स्टेडियम मात्र तेवढंच मोठं राहिलं. साधारण २५ हजार खुर्च्या, आणि आदल्या हंगामात मॅचला येणारी माणसं सरासरी साडेआठ-नऊ हजार.

अशा वेळी सर्वसाधारण क्लब काय करतो? पैसे कमी पडतायत, मग तिकीट थोडं वाढवू. जे येतात ते पक्के चाहते आहेत, चार पाउंड जास्त देतील.

ब्रॅडफर्डने उलटं केलं. २००७-०८ च्या हंगामासाठी प्रौढांचं सीझन तिकीट, म्हणजे वर्षभराचा पास, १३८ पाउंडांना विकायला काढला. लीग टूमध्ये २४ संघ असतात आणि प्रत्येकाला घरच्या मैदानावर २३ सामने मिळतात. १३८ भागिले २३, म्हणजे एक मॅच बरोबर ६ पाउंडांत. तेव्हाच्या हिशोबाने वर्षाचे साधारण ११ हजार रुपये. आपल्याला ही रक्कम मोठी वाटेल, पण त्याच काळात लंडनच्या आर्सेनलचा सगळ्यात स्वस्त पास जवळपास ९०० पाउंडांना होता.

१२ हजारांच्या घरात पास विकले गेले. त्या हंगामात ब्रॅडफर्डच्या मॅचला सरासरी १३ हजारांवर लोक आले. ज्या लीगमधल्या बहुतेक क्लबांना पाच हजार माणसं जमवणं मुश्कील, त्या लीगमध्ये.

आता गंमत बघा. त्या हंगामात संघ काही फार भारी खेळला नाही. क्लबचा जुना लाडका खेळाडू स्टुअर्ट मॅकॉल मॅनेजर म्हणून परत आला होता, त्याचं आकर्षण नक्कीच होतं. पण संघ शेवटी दहाव्या नंबरवर राहिला. एक श्रेणी खाली आलेला, मधल्या फळीत रेंगाळणारा संघ, आणि प्रेक्षक मात्र निम्म्याहून जास्त वाढलेले. संघ जिंकला की गर्दी वाढते हे सगळ्यांना माहीत आहे. इथे न जिंकताच वाढली. म्हणूनच छोट्या क्लबच्या तिकीटदराचा विषय निघाला की ब्रॅडफर्डचं नाव आजही निघतं.

एवढ्या खुर्च्या रिकाम्या का होत्या?

ब्रॅडफर्ड हे यॉर्कशायरमधलं जुनं लोकरीच्या गिरण्यांचं शहर. गिरण्या गेल्या, कामगार वस्त्या राहिल्या. मुंबई-सोलापूरकरांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. शहर आणि आसपासचा भाग धरला तर लोकवस्ती पाच लाखांच्या वर, पण खिसा लंडनचा नाही. क्लब १९०३ साली सुरू झाला आणि तेव्हापासून 'व्हॅली परेड' हेच त्याचं मैदान आहे.

या मैदानाचा एक दुखरा इतिहास आहे. ११ मे १९८५ रोजी हंगामाच्या शेवटच्या सामन्यात इथल्या जुन्या लाकडी स्टँडला आग लागली आणि ५६ जणांचा मृत्यू झाला. तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद साजरं करायला लोक आले होते. त्यानंतर मैदान नव्याने बांधलं गेलं. पुढे १९९९ मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, तेव्हा स्टँड आणखी वाढवले गेले. २००० च्या उन्हाळ्यात क्लबने ऐपतीबाहेर खर्च केला. इटालियन खेळाडू बेनितो कार्बोने याला आठवड्याला ४० हजार पाउंड पगार दिल्याची गोष्ट तिकडे अजूनही सांगितली जाते. तेव्हाचे चेअरमन जेफ्री रिचमंड यांनीच नंतर त्या काळाला सहा आठवड्यांचा वेडेपणा म्हटलं.

२००१ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. २००२ मध्ये आयटीव्ही डिजिटल ही वाहिनी बुडाली आणि खालच्या श्रेणींतल्या क्लबांना मिळणारे प्रक्षेपणाचे पैसे थांबले. ब्रॅडफर्ड त्याच वर्षी प्रशासकाच्या हाती गेला, म्हणजे आपल्याकडे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कंपनी जाते तसा. २००४ मध्ये पुन्हा तेच. मधल्या काळात, २००३ मध्ये, मैदानही विकावं लागलं आणि क्लब आपल्याच घरात भाडेकरू झाला.

थोडक्यात, भाडं मोठ्या मैदानाचं आणि उत्पन्न छोट्या क्लबचं. आणि प्रत्येक मॅचला निम्म्याहून जास्त खुर्च्यांवर कुणीच नाही.

स्वस्त तिकिटाचा हिशोब

नाटकाचा प्रयोग लावणाऱ्याला विचारा. पडदा वर गेल्यानंतर रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. ती उद्या विकता येत नाही, गोदामात ठेवता येत नाही. फुटबॉलचंही तेच आहे. खेळाडूंचा पगार, मैदानाचं भाडं, गवताची निगा, फ्लडलाइटचं बिल हे सगळं आठ हजार लोक आले काय किंवा तेरा हजार आले काय, जवळपास तेवढंच असतं. वाढलेल्या माणसांमुळे वाढतो तो खर्च स्टुअर्ड म्हणजे मैदानावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांचा, आणि गरज पडली तर पोलिसांचा. इंग्लंडमध्ये स्टेडियमच्या आत पोलीस हवे असतील तर त्याचे पैसे क्लबला भरावे लागतात. स्टँडचा एखादा भाग उघडायचा की बंद ठेवायचा हे क्लब याच हिशोबाने ठरवतो.

म्हणजे रिकामी खुर्ची सहा पाउंडांना विकली तरी तो बहुतांश फायदाच, असं वाटू शकतं. पण इथेच खरी मेख आहे.

स्वस्त पास नव्या माणसासाठी वेगळा आणि जुन्या माणसासाठी वेगळा ठेवता येत नाही. जो चाहता आधी दुप्पट पैसे देत होता, तोही आता १३८ पाउंडच देणार. समजा एका क्लबकडे ६ हजार पासधारक आहेत आणि पास ३०० पाउंडांचा आहे. जमा होतात १८ लाख पाउंड. पास १५० चा केला तर तेवढेच पैसे जमवायला १२ हजार माणसं लागतील. ११ हजार आली तर स्टेडियम भरल्यासारखं दिसेल, फोटो छान येतील, आणि तिजोरीत आधीपेक्षा दीड लाख पाउंड कमी असतील.

ब्रॅडफर्डचंच बघायचं तर १२ हजार पास गुणिले १३८ म्हणजे जास्तीत जास्त साडेसोळा लाख पाउंड. तिकिटावर तेव्हा साडेसतरा टक्के व्हॅट होता, तो वजा केला तर उरतात १४ लाखांच्या आसपास. त्यातही मुलांचे आणि ज्येष्ठांचे पास स्वस्त असतात, म्हणजे प्रत्यक्ष आकडा आणखी खाली. यात अख्ख्या वर्षाचा संघ सांभाळायचा. ही पैजच होती. आणि लोकांनी प्रतिसाद दिला नसता तर ती वर्षभर अंगावर आली असती, कारण हंगामाच्या मध्ये पासाचा भाव बदलता येत नाही.

मग ही पैज का लावायची? पहिलं कारण म्हणजे पैसे कधी येतात. पास मार्च ते जुलैच्या दरम्यान विकले जातात. त्यातला बराचसा काळ सामनेच नसतात, गेटवर एक पैसा येत नाही, पण पगार दर महिन्याला द्यावाच लागतो. छोट्या क्लबसाठी हे महिने सगळ्यात धोक्याचे. तेव्हा हातात आलेले रोख पैसे हे नंतर मिळण्याची शक्यता असलेल्या जास्त पैशांपेक्षा मोलाचे असतात. शिवाय पास घेतलेल्या माणसाचे पैसे पावसावर, थंडीवर किंवा सलग चार पराभवांवर अवलंबून नसतात. जानेवारीतल्या मंगळवारी रात्री, तापमान शून्याच्या आसपास असताना, समोर तळाचा संघ असेल तर गेटवर तिकीट काढून कोण येणार? पास असलेला मात्र येऊ शकतो. आला नाही तरी त्याचे पैसे आलेले असतात.

दुसरं, आत आलेला माणूस रिकाम्या हाताने बसत नाही. मांसाची पाय, चहा, बिअर, स्कार्फ. (इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्यामुळे मैदान दिसेल अशा जागी बसून दारू पिता येत नाही. त्यामुळे मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत स्टँडखालच्या काउंटरवर जी झुंबड उडते ती बघण्यासारखी असते.) मैदानाभोवती जाहिरातीचे फलक लावणाऱ्या स्थानिक दुकानदारालाही आठ हजार डोक्यांपेक्षा तेरा हजार डोकी बरी.

या सगळ्याला आधार देणारा एक नियमही आहे. १९८३ पर्यंत इंग्लिश लीगमध्ये यजमान क्लबला गेटच्या उत्पन्नातला काही वाटा पाहुण्या संघाला द्यावा लागत असे. त्या वर्षी हा नियम गेला आणि लीग सामन्यांचं उत्पन्न पूर्णपणे यजमानाचं झालं. मोठ्या क्लबांची चंगळ झाली आणि छोट्यांचं नुकसान झालं, हे खरं. पण आपल्या मैदानावर किती भाव लावायचा आणि किती जोखीम घ्यायची, हे त्यामुळे क्लबच्या एकट्याच्या हातात आलं. एफए कपमध्ये अजूनही वाटणी होते. खर्च वजा जाता दोन्ही क्लबांना ४५-४५ टक्के आणि उरलेले १० टक्के सामायिक निधीत. म्हणून तर छोट्या क्लबची एखाद्या बड्या क्लबशी कपमध्ये गाठ पडली की हारण्याच्या आधीच लोक नाचायला लागतात.

मग पुढे काय झालं?

लगेच काही चमत्कार झाला नाही. दुसऱ्या वर्षी संघ नवव्या नंबरवर राहिला. २०१० मध्ये मॅकॉल पायउतार झाला. बढती मिळत नव्हती आणि टीकाही होत होती. एवढी गर्दी जमवून माणशी एवढेच पैसे येत असतील तर चांगले खेळाडू आणायचे कशातून? हा प्रश्न चुकीचा नव्हता. पाच हजार प्रेक्षकांचे, पण पूर्ण भावाने तिकीट विकणारे क्लब त्यांना मागे टाकून वर जात होते.

पण लोक गेले नाहीत, हे महत्त्वाचं. आणि २०१२-१३ मध्ये ते अचानक घडलं. चौथ्या श्रेणीतल्या या संघाने लीग कपमध्ये आर्सेनलला पेनल्टी शूटआउटवर हरवलं, मग उपांत्य फेरीत अ‍ॅस्टन व्हिलाला दोन सामन्यांत मिळून ४-३ ने बाहेर काढलं आणि थेट वेम्बलीची फायनल गाठली. फायनलमध्ये स्वान्सीने ५-० ने धुतलं, तो भाग वेगळा. त्याच मोसमात प्लेऑफ जिंकून क्लब लीग वनमध्ये गेला. २०१५ च्या जानेवारीत तर चेल्सीला त्यांच्याच मैदानावर, दोन गोलांनी मागे असताना, ४-२ ने हरवलं.

आता खरी परीक्षा होती. क्लबचं नाव झालं होतं, मागणी वाढली होती. कुठल्याही व्यापाऱ्याने इथे भाव वाढवला असता. ब्रॅडफर्डने २०१५-१६ साठी प्रौढांचा पास १४९ पाउंडांना काढला, म्हणजे साडेसहा पाउंडांच्या आत एक मॅच. सरासरी प्रेक्षकसंख्या १८ हजारांच्या घरात गेली. पुढे २०१९ मध्ये क्लब पुन्हा चौथ्या श्रेणीत घसरला. पण २००७ सारखी अवस्था झाली नाही. २०२२-२३ मध्ये लीग टूमध्ये खेळत असूनही सरासरी १७ हजारांच्या पुढे होती.

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात बोलका आकडा हाच आहे. २००७ ला आलेली गर्दी भाव बघून आली असेल. पंधरा वर्षांनी, पुन्हा त्याच लीगमध्ये आलेली गर्दी सवयीने आली होती. बापाचा हात धरून आलेलं मूल एव्हाना स्वतःचा पास स्वतः काढायच्या वयाचं झालेलं असतं.

भाव वाढवला तर चाहता जातो का?

खेळांच्या तिकिटांवर अर्थशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केलाय. त्यात वारंवार दिसणारी गोष्ट अशी की भाव थोडा वाढवला तर गर्दी त्या प्रमाणात कमी होत नाही. कारण सोपं आहे. साबण महाग झाला तर माणूस दुसरा साबण घेतो. ब्रॅडफर्डचा माणूस तिकीट महाग झालं म्हणून शेजारच्या लीड्स युनायटेडचा होत नाही. चाहत्याला दुसरं दुकान नाही. म्हणून क्लबांना त्याला पिळायचा मोह होतो, आणि वरकरणी ते चालूनही जातं.

पण चाहता दुसरीकडे गेला नाही याचा अर्थ तो आला असा नाही. तो भांडत नाही, मोर्चा काढत नाही. एक वर्ष पास काढत नाही, मग म्हणतो की मोठ्या मॅचला जाईन, मग घरी बसून स्कोअर बघतो. दोन मुलांना घेऊन जाणं परवडत नसेल तर मुलांना नेत नाही. त्या मुलांना क्लबची गोडीच लागत नाही, ती टीव्हीवरच्या मोठ्या क्लबची जर्सी घालतात. हे नुकसान या वर्षीच्या ताळेबंदात दिसत नाही. दहा वर्षांनी दिसतं, आणि तेव्हा ते भरून काढायला १३८ पाउंडांचा पासही पुरत नाही.

मोठ्या क्लबांच्या चाहत्यांना निदान आवाज तरी असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने नव्या स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पाउंडांचं करायचं ठरवलं, तर सुंदरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर गेले. २-० ने पुढे असलेल्या लिव्हरपूलला तो सामना २-२ वर सोडवावा लागला आणि काही दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी तिकिटाची कमाल मर्यादा ३० पाउंड ठरवली. छोट्या क्लबमधून हजार माणसं कमी झाली तर त्याची बातमीही होत नाही.

प्रत्येक क्लबला हे जमेल?

नाही. आणि हे समजून घेतलं नाही तर ब्रॅडफर्डची गोष्ट नुसतीच गोड गोष्ट होऊन बसते.

ब्रॅडफर्डकडे तीन गोष्टी होत्या: मोठं रिकामं मैदान, मोठं शहर आणि प्रीमियर लीग पाहिलेली माणसं. अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली हा त्याच भागातला, लँकेशायरमधला क्लब. गावाची वस्ती ३५ हजारांच्या आसपास, मैदानाची क्षमता पाच-साडेपाच हजार. आजूबाजूला ब्लॅकबर्न आणि बर्नली हे जुने, मोठे क्लब. इथे पास निम्म्या किमतीत विकला तर दुप्पट लोक आणायचे कुठून आणि बसवायचे कुठे? त्यांनी वेगळा मार्ग धरला. स्थानिक शाळांमधल्या तिसरीच्या मुलांना क्लबची जर्सी फुकट द्यायची. तिकिटाला हात न लावता पुढचा चाहता तयार करायचा हा प्रयत्न.

ब्रॅडफर्डच्या शेजारचा हडर्सफील्ड टाउन मात्र ब्रॅडफर्डच्याच वाटेने गेला. २०१६-१७ मध्ये दुसऱ्या श्रेणीत खेळताना त्यांचा पास १७९ पाउंडांना होता, आणि त्याच हंगामात ते प्रीमियर लीगमध्ये पोहोचले. तिथेही त्यांनी पास १९९ च्या आसपास ठेवला आणि आधीची वर्षं सातत्याने पास काढणाऱ्या जुन्या चाहत्यांना तर १०० पाउंडांत दिला. यात दिलदारी होतीच, पण एक गणितही होतं. प्रीमियर लीगमध्ये प्रक्षेपणाचे वर्षाला जवळपास १० कोटी पाउंड मिळतात. तिथे गेटचे पैसे म्हणजे भाजीवरची कोथिंबीर. चौथ्या श्रेणीत तीच अर्धी भाजी असते.

आणि ही भाजी किती पातळ असते, हे २०१९ मध्ये दिसलं. बरी हा १८८५ साली स्थापन झालेला क्लब त्या वसंतात लीग टूमधून बढती मिळवून वर गेला होता. पण गेटच्या उत्पन्नाला न झेपणारे पगार, मालकाच्या खिशावर चाललेला कारभार आणि थकलेली देणी यात तो अडकला आणि ऑगस्टमध्ये लीगने त्याला बाहेर काढलं. पुढच्या मॅचसाठी पास काढून बसलेल्या लोकांना मॅचच उरली नाही.

काही क्लबांनी भाव ठरवायचं काम सरळ लोकांवरच सोडलं. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतल्यावर चिडलेल्या चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. तिथे सदस्य मालक असतात. काही वर्षांत त्यांनी पासाची फक्त किमान रक्कम ठरवली; त्यावर किती द्यायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं. ज्याला परवडतं तो जास्त देतो आणि ज्याला परवडत नाही त्याचंही जमून जातं. हे तिथेच चालतं जिथे लोकांना क्लब आपला वाटतो. मालक दुसराच कुणी असेल तर जास्तीचे पैसे कोण देईल?

२०१० पासून इंग्लंडमध्ये 'नॉन-लीग डे' पाळला जातो. आंतरराष्ट्रीय सामन्यांमुळे वरच्या दोन श्रेणी बंद असतात तो शनिवार निवडायचा आणि लोकांना सांगायचं की आज गल्लीतल्या क्लबला जा. अनेक क्लब त्या दिवशी वाटेल तेवढे द्या म्हणून गेट उघडतात. जर्मनीच्या फोर्टुना ड्युसेलडॉर्फने २०२३ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन काही लीग सामने पूर्ण फुकट केले. प्रायोजकांच्या पैशातून. हा तसा छोटा क्लब नव्हे, त्यांचं स्टेडियम ५० हजारांवरचं आहे. पहिल्या फुकट सामन्यात, कायझर्सलाउटर्नविरुद्ध, संघ ०-३ ने मागे पडला आणि ४-३ ने जिंकला. जाहिरात याहून चांगली काय होणार!

मॅचला जायचं की सोफ्यावर बसायचं?

छोट्या क्लबची स्पर्धा शेजारच्या क्लबशी कमी आणि टीव्हीशी जास्त असते. हे तिकडच्या लोकांना फार आधी कळलं होतं. १९६० च्या दशकात बर्नलीचे चेअरमन बॉब लॉर्ड यांनी आग्रह धरला की शनिवारी दुपारी फुटबॉल थेट दाखवलं तर खालच्या क्लबांचे गेट ओस पडतील. तेव्हापासून ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण होत नाही. जगात कुठेही बसून तीन वाजताची मॅच बघता येते, फक्त इंग्लंडमध्ये बसून नाही. आपल्याकडच्या प्रीमियर लीगवेड्या पोरांना ही सवलत आहे, ब्रॅडफर्डच्या पोरांना नाही.

२०२४-२५ पासून स्काय स्पोर्ट्सच्या नव्या करारात खालच्या तीन श्रेणींचे वर्षाला हजारहून जास्त सामने दाखवले जातात. त्यामुळे बरेच सामने तीन वाजताऐवजी दुपारी साडेबारा किंवा इतर वेळी हलवावे लागतात. क्लबला करारातले पैसे मिळतात, पण शंभर मैलांवरून येणाऱ्या पाहुण्या चाहत्याची पहाटेची झोप जाते. त्याचं तिकीट म्हणजे थेट रोख उत्पन्न असतं, हे क्लबच्या हिशेबनिसाला नीट माहीत असतं.

प्रेक्षकसंख्येचा आकडा वाचताना

शेवटी एक उपयोगी गोष्ट. मॅचच्या सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास स्टेडियममध्ये 'आजची प्रेक्षकसंख्या' जाहीर होते. बहुतेक क्लब जो आकडा सांगतात तो विकलेल्या तिकिटांचा असतो, गेटमधून आत आलेल्या माणसांचा नाही. पासधारक घरी झोपला असला तरी तो आकड्यात असतो.

पास जितका स्वस्त, तितकी ही फट मोठी. मॅच बुडाली तर २५ पाउंड गेले म्हणणारा माणूस सर्दी झाली तरी जातो. सहाच पाउंड गेले म्हणणारा पाऊस बघून बेत रद्द करतो. त्यामुळे १३ हजारांची घोषणा होते तेव्हा टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर लगेच क्लब खोटं बोलतोय म्हणून पोस्ट टाकायची गरज नाही. पण त्या खुर्चीवरचा माणूस पाय आणि चहा घेत नाही, त्याच्या शेजारच्याला ओरडायला साथ देत नाही, आणि पुढच्या वर्षी पास पुन्हा काढण्याची शक्यता त्याचीच सगळ्यात कमी असते. म्हणून काही क्लब आता पासधारकाला त्या दिवसापुरती खुर्ची परत देऊन दुसऱ्याला विकण्याची सोय देतात. विकलेले पास मोजणं सोपं असतं. क्लब चालवणारी माणसं मात्र बघतात ती गेटवरची नोंद: कुठला पास किती वेळा वापरला गेला, आणि सलग चार मॅच कोण आलं नाही. उन्हाळ्यात पहिला फोन त्यांनाच जातो.